हजेरीवरचं नाव

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी उंबरवाडी सोडली. सकाळची एसटी फाट्यावर थांबली. वडिलांनी पत्र्याची पेटी टपावर चढवली. आई रडत होती. माझी पणजी, म्हणजे आजोबांची आई, रडत नव्हती. तिला घरात सगळे मोठी अव्वा म्हणत. तिने माझ्या हातात धपाट्यांचं फडकं दिलं आणि म्हणाली, "कुठली म्हणून कुणी इचारलं तर गावाचं नाव सांग. अमक्याकडची, तमक्याकडची, असलं कायबी सांगू नगंस."

पुण्यातल्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं. मी "सोलापूर शहरातली" म्हणाले. दुष्काळी भागातली म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारी दया मला नको होती. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या मजकुरातली नावं-गावं तपासली. माझं ते उत्तर दुरुस्त करायला मात्र बरीच वर्षं लागली.

अव्वा तसं का म्हणाली होती, हे मला माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आमच्याकडे जमीन भरपूर होती आणि पेवात ज्वारीचा दाणा नव्हता. सरकारने रस्त्याची कामं काढली होती. जमीनवाल्या घरांतल्या बायकाही खडी फोडायला जात, पण आपल्या गावच्या कामावर नाही. पहाटे उठून कर्नाटकाच्या शिवेपर्यंत चालत जायचं, पदर नाकापर्यंत ओढायचा आणि हजेरीवर भलतंच नाव लावायचं. माझी आई आठ दिवस 'पुतळाबाई' होती.

आठव्या दिवशी तिच्या बोटावर हातोडा बसला. मुकादम औषध घेऊन "पुतळाबाई, पुतळाबाई" अशा हाका मारत राहिला. ती हाक आपल्यालाच आहे, हे आईच्या लक्षातच आलं नाही. बोट चिंधीत गुंडाळून ती तशीच घरी आली. अव्वाने सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अव्वा आपल्याच गावच्या कामावर, फाट्यापासून ओढ्यापर्यंतच्या रस्त्यावर, निघाली. वय सत्तरीला टेकलेलं. आजोबा दारात उभे राहिले.

"अव्वा, घराण्याची अब्रू जाईल."

"उपाशी ऱ्हायलेलं चालतंय, खडी फोडलेली चालत न्हाई? सरक तिकडं."

कामावर तिने सगळ्या गावासमोर नाव सांगितलं: गंगाबाई भ्रतार मलकाप्पा. भ्रतार म्हणजे नवरा. आमच्याकडे कागदावर तसंच लिहीत. इथला मुकादम गावातलाच, तो गडबडला. "अव्वा, तुमी सावलीला बसा. हजेरी मी लावतो."

"बसायचंच असतं तर घरी जागा नव्हती का? हिला बसव. हिचे दिवस भरलेत."

शेजारी वेशीबाहेरच्या वस्तीतली एक गरोदर बाई उभी होती. मुकादमाने तिला सावलीत बसवलं. अव्वा उन्हात रांगेत बसली, पदर कपाळाच्या वर. आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या दूर जाणाऱ्या बायका गावच्या कामावर आल्या. आईही आली.

"पुतळाबाई मेली का गं?" अव्वाने विचारलं.

"मेली," आई म्हणाली. सगळ्या रांगेला हसू फुटलं.

आमच्या घरात आजही फोन लागला की माणूस आधी आपलं नाव सांगतो, मग गावाचं. ही सवय त्या कामावरची आहे. गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. तोही म्हणाला, "शिवराज बोलतोय, उंबरवाडीचा." निलंग्याला घराण्याचा मेळावा आहे. त्यासाठी तो स्मरणिका काढतो आहे. अव्वावर मी लिहायचं आणि संपादक म्हणून नाव माझं, असं ठरलं होतं. मी लिहून पाठवलं. छपाईआधीचं पान मोबाइलवर आलं, तेव्हा त्यात खडी नव्हती. होत्या 'दुष्काळात गावाला पेवातलं धान्य वाटणाऱ्या दानशूर मातोश्री'. फोटोत तिच्या गळ्यात बोरमाळ होती, संगणकावर चढवलेली. खरी बोरमाळ दुष्काळाच्याच वर्षी विकली गेली होती.

मी फोन केला.

"ताई, पोरापोरींच्या सोयरिकी जमवायच्या हायत. खडी फोडणारं घर म्हणतेल लोक."

"फोडलीच होती."

"पण छापायचं कशाला? तुमचं बरंय, तुमी तिकडं पुण्यात बसून बोलताव."

हा टोमणा मला लागला, कारण तो खरा होता. तरी धान्य वाटल्याची गोष्ट त्यामुळे खरी ठरत नाही. अव्वाने कुणाला मूठभर दाणा दिला नाही. तिच्याकडे तो नव्हता. ज्या पदराखालून तिने घरातल्या बायकांना बाहेर काढलं, तोच पदर आता तिची पतवंडं तिच्या तोंडावर ओढत आहेत आणि त्याला आदर म्हणत आहेत. हा आदर नाही. तिची लाज वाटते, एवढाच त्याचा अर्थ. माझं नाव काढून टाक, असं मी शिवराजला सांगितलं. त्याने काढलं.

ती स्मरणिका पुण्यात, बंगळुरात, शारजात, आपल्या घराण्यातल्या सगळ्यांच्या घरी पोचेल. म्हणून हे वेगळं लिहिलं. आई आता माझ्याकडे असते. तिला वाचून दाखवलं. ती वाकडं जुळलेलं बोट चोळत बसली. मग म्हणाली, "माझं बी नाव घाल. ते आठ दिवस माझ्या नावावर कुठंच न्हाईत."

गावातलं घर शिवराजच्या वाट्याला गेलं. तो तिथे राहतो, त्यामुळे ते योग्यच झालं. मला घर म्हटलं की फाट्यापासून ओढ्यापर्यंतचा रस्ता दिसतो. त्यावर कितीदा तरी डांबर पडलं. खालची खडी तीच आहे. ती फोडणाऱ्यांत या दोघी होत्या: गंगाबाई भ्रतार मलकाप्पा आणि तिची नातसून शांताबाई भ्रतार बसवणप्पा. मुक्काम उंबरवाडी, तालुका निलंगा.