दुधातली गोळी

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या सुमारास मी इंदूरला बी.एस्सी. करत होतो. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. ताईने चौथीनंतर शाळा सोडली आणि आईबरोबर गावाजवळच्या जैनाबादकडच्या केळीच्या बागेत कामाला जाऊ लागली, म्हणून मी शिकू शकलो. हे मी कधी विसरलो नाही.

तिची सोयरीक रावेरकडे ठरली होती. लग्न जवळ आलं आणि तिच्या अंगावर फोड उठले. घरच्यांना वाटलं, माता आली, म्हणजे देवी निघाल्या. आईने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली. पण कातडी पोळल्यासारखी सुटू लागली, ओठ सोलवटले, तेव्हा वडिलांनी दोघींना इंदूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

"ये माता नहीं है," डॉक्टर म्हणाले. "किसी दवा का असर है. कौन सी गोली चल रही थी?"

"कोई नहीं, साहब," आई म्हणाली. "हमारे यहां तो काढा चलता है."

मीही ठामपणे मान डोलावली. ताईचं माझ्यापासून लपलेलं काही असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट आणायला मी जात असे. मी केमिस्ट्रीचा विद्यार्थी म्हणून डॉक्टर मला समजावून सांगत. कातडी किती गेली ते कुणालाही दिसतं, पण रोगी तरेल का याची चाहूल रक्तात आधी लागते. युरिया चढला म्हणजे मूत्रपिंडं थकत आहेत. पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे शरीराला लढता येत नाही. ताईचा युरिया प्रत्येक रिपोर्टात चढत होता, पांढऱ्या पेशी घटत होत्या.

"कुछ तो अंदर जा रहा है," ते माझ्याकडे बघत म्हणाले. आईवर संशय घेतात म्हणून मला त्यांचा रागच आला.

एका दुपारी रिपोर्ट लवकर मिळाला. वॉर्डात येऊन पडदा सारला, तर आई चमच्याने एक पांढरी गोळी चुरून दुधात कालवत होती. ताईने कळ सोसत तोंड उघडलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हे काय?"

"हळू बोल, बापू. फेफऱ्याची गोळी आहे. पाडव्यापासून चालू आहे."

"ताईला फेफरं येतं?"

"बंद केली अन् इथं झटका आला तर? नवरदेवाचा मामा इथंच राहतो, रोज पाहाले येतो. सोयरीक मोडन ना!"

"आणि ही गेली म्हणजे?"

"अभद्र नको बोलू."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपको भी नहीं बताया?"

गोळी बंद झाली. झटक्यांवर डॉक्टर स्वतः लक्ष ठेवू लागले. युरिया आधी थांबला, मग हळूहळू उतरू लागला. ताईला बोलता येऊ लागल्यावर मी विचारलं, "निदान मला तरी सांगायचं होतंस."

"तुले सांगितलं असतं तर तू डॉक्टरले सांगितलं असतं."

"हो, सांगितलंच असतं."

"म्हनूनच नाही सांगितलं, भाऊ."

त्या संध्याकाळी नवरदेवाचे मामा आले. खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "तुमच्या आई सांगत होत्या, मलेरियाच्या गोळीनं झालं असं तुम्हीच ओळखलं. बी.एस्सी.वाला भाऊ असावा तर असा!"

माझ्या नावावर आईने हे खोटं कधी सांगून टाकलं होतं, मला माहीत नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून ताईही बघत होती.

"डॉक्टरांना विचारा," मी म्हणालो आणि रिपोर्ट आणायला निघालो.

युरिया आणखी उतरला होता. पांढऱ्या पेशीही वाढल्या होत्या. ताई आता जगणार होती. रिपोर्ट हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलो. आनंदाने मला रडू येत होतं, पण उठून त्या दोघींना ते सांगावंसं वाटत नव्हतं.