आक्कांची आजीसाई

जपानी माणसं निफाडकडची मराठी बोलतात, असा आक्कांचा ठाम समज होता. "पाऊस थांबायचा नाय वाटतं?" असं त्यांनी बसथांब्यावरच्या एखाद्या म्हातारीला विचारलं की ती कमरेत वाकून म्हणायची, "हाय!" आक्का माझ्याकडे वळून म्हणायच्या, "बघ. हाय म्हणती. आपल्यातलीच हाय." जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "मग आपण काय येगळं म्हणतो?" असं त्यांचं उत्तर असे.

आक्कांचे यजमान गांगुर्डेसाहेब आणि आमचे हे सातपूरच्या एकाच कारखान्यात होते. ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारखान्याने दोघांना नव्या यंत्रांचं काम शिकायला वर्षभर जपानला पाठवलं, आणि आम्ही दोघी बायका मागोमाग गेलो. मी नाशिक शहरातली, पदवीधर, इंग्रजी बोलणारी आणि घराबाहेर पडायला घाबरणारी. आक्का माझ्याहून पंधरावीस वर्षांनी मोठ्या, निफाडजवळच्या खेड्यात वाढलेल्या. सहावारी पातळाखाली काळे गमबूट घालून त्या पहिल्या आठवड्यातच सगळा बाजार पालथा घालून आल्या होत्या.

जूनमध्ये तिथला पावसाळा लागला. आपला पाऊस कसा कोसळतो आणि मोकळा होतो. तो पाऊस नुसता रिपरिपत राहायचा. कपडे वाळत नव्हते, घरून पत्र येत नव्हतं, हे रात्री उशिरा यायचे. मी त्या काडेपेटीएवढ्या घरात दिवसदिवस रडत बसायला लागले. जेवण जाईना. आमच्या ह्यांनी मला परत पाठवायची बोलणी सुरू केली होती. एका सकाळी आक्का आल्या, दोरीवरचे ओले कपडे पाहिले, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "रडून कापडं वाळत्यात का? ऊठ. फुलं बघायला जायचं."

स्टेशनावर त्या दिवसांत एक मोठं चित्र लावलं होतं. चेंडूएवढे निळे-जांभळे गुच्छ, आणि खाली ते बघायला कुठे कुठे जावं याची माहिती. इंग्रजीत हायड्रेंजिया म्हणतात ते हे फूल. जपानी नाव अजिसाई. आक्कांनी ते एकदा ऐकलं आणि 'आजीसाई' करून टाकलं. पांढरा गुच्छ दिसला की म्हणत, "पिकल्या केसांचं डोकं दिसतंय, आजीच हाय." निळ्याला मात्र त्या फ्लॉवरचा गड्डा म्हणत, आणि निफाडला एवढा गड्डा निघाला असता तर काय भाव आला असता यावर वाटेत बोलत राहत. तिकिटाच्या खिडकीवर त्या चित्रावर बोट ठेवायच्या, मग स्वतःच्या छातीवर, मग माझ्या. आम्हांला बरोबर तिकीट मिळायचं.

पहिल्याच ठिकाणी भर पावसात छत्र्यांची लांबलचक रांग होती. "कशाची गं? रॉकेलची?" आक्कांनी विचारलं. "फुलांची," मी म्हणाले. "वाटतात का फुकट?" "नाही, नुसती बघायची." आक्का एकदम गंभीर झाल्या. "बघायला रांग लावणारी माणसं," त्या म्हणाल्या, "लय मोठ्या मनाची असणार." आणि पातळ वर खोचून रांगेत उभ्या राहिल्या.

दर रविवारी हे दोघे झोपा काढायचे आणि आम्ही हिंडायचो. रुळांच्या कडेची आजीसाई, तळ्याकाठची आजीसाई. आक्कांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि नाशिकहून आणलेला ठेचा. शेजारी जो कोणी बसेल त्याला त्या जेवायला लावत. तो रविवार कधी उजाडतो याची मी वाट बघू लागले, हे माझं मलाही उशिराच कळलं.

मग ते देऊळ आलं. डोंगरावर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना निळी फुलं, आणि वर बुद्धाची मूर्ती. आक्कांनी खालच्या पायरीवरूनच हात जोडले. त्यांच्या घरी रोज बुद्धवंदना व्हायची. "परक्या मुलखात आपल्या घरी आलो गं," त्या म्हणाल्या. "हात रिकामे कसे न्यायचे?" आणि त्यांनी सरळ एका निळ्या गुच्छाला हात घातला.

"दामे! दामे!" ओरडत एक म्हातारा माळी धावत आला.

"दमानंच घेतेय हो भाऊ," आक्का म्हणाल्या आणि देठ हळूच मोडला.

पायऱ्यांवरच्या रांगेतून एकदम "आँ!" असा आवाज उठला. 'दामे' म्हणजे सक्त मनाई. आता पोलीस, मग कारखान्याला फोन, मग दोघांच्याही नोकऱ्या. मी दिसेल त्याच्यासमोर कमरेत वाकत सुटले. आक्का तोवर गमबूट काढून आत. त्यांच्यामागे माळी आणि माळ्यामागे वाकत वाकत मी.

आक्कांनी फूल मूर्तीपुढे ठेवलं, गुडघे टेकले आणि जात्यावर बसल्यासारख्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि..." माळी जागीच थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. आतल्या दारातून एक वृद्ध भिक्षू बाहेर आले आणि उभ्याउभ्याच हात जोडून आक्कांच्या आवाजात आवाज मिसळू लागले. त्यांचे उच्चार निराळे होते, पण शब्द तेच. वंदना संपली तेव्हा माळ्याने पाण्याचं भांडं आणलं आणि ते फूल त्यात नीट उभं करून ठेवलं.

नंतर चहा झाला. आक्कांनी डबा उघडला. भिक्षूंनी ठेच्याचा मोठा घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "ध्यानाला बसले," आक्का कौतुकाने म्हणाल्या. भिक्षूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

गाडीत मी 'दामे'चा अर्थ सांगितला. आक्कांचा चेहरा पडला. "मग तिथंच सांगायचं नाय का? त्या म्हाताऱ्याला वाटलं असंल, चोरटी बाई हाय." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मला साहेबांनी सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथेच. आक्कांनी माळ्याचा हात धरून मराठीत माफी मागितली, त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि पावसात सगळ्या पायऱ्या झाडल्या. माळी मागून "दामे, दामे" म्हणत फिरत होता. या वेळी आक्कांना अर्थ माहीत होता, तरी त्यांनी ऐकलं नाही.

नाशिकला परतल्यावर आक्का गप्प बसतील ही आशा व्यर्थ होती. श्रावणात त्यांनी कॉलनीतल्या बायका गोळा केल्या आणि त्र्यंबकच्या एसटीत बसवल्या. कंडक्टर म्हणाला, "त्र्यंबकेश्वर ना?" "नाय, अलीकडं डोंगरापाशी उतरवा." "तिथं काय हाय?" "तेरडा फुललाय." "औषधाला?" "बघायला." कंडक्टरने तिकिटं फाडली, पण उतरेपर्यंत तो आमच्याकडे संशयाने बघत होता. पहिल्या वर्षी बायका कुरकुरल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच दिवस ठरवला.

काही वर्षांनी साहेबांना दूरच्या शहरात बढतीवर बदली मिळाली आणि आक्काही त्यांच्याबरोबर तिकडे गेल्या. तिकडेच एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन त्या वारल्या. आम्हांला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

पुढच्या श्रावणात मी कुठेच जाणार नव्हते. पण एका रविवारी सकाळी दार वाजलं, तर बायका डबे घेऊन हजर. "चला ना," त्या म्हणाल्या, "कुठं उतरायचं ते आम्हांला नीट आठवत नाही." सगळ्यांना आठवत होतं. आम्ही गेलो. डोंगर गुलाबी झाला होता, वर बारीक पाऊस. आम्ही डबे उघडले. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी इरलं पांघरून खालून चालला होता. मी अनोळखी माणसाला कधी हाक मारलेली नाही, पण त्या दिवशी मारली. "बाबा, या, दोन घास खा."

तो आला. आमच्याकडे पाहून म्हणाला, "एवढ्या पावसात कशापायी आल्या गं बायांनो?"

"फुलं बघायला."

त्याने वळून डोंगराकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग इरलं सावरत म्हणाला, "सरका मंग जराशा," आणि आमच्यात बसला.