सगळ्यात स्वस्त विजेचं गाव

आमच्या वरच्या मजल्यावरचे टेलरकाका माणसाकडे बघायचे तेच मुळी खांद्यापासून. नवा भाडेकरू जिना चढू लागला की बाकीची बिऱ्हाडं त्याचं सामान मोजत, आणि काका कठड्याला रेलून हळूच म्हणत, "डावा खांदा उतरता आहे. हिशेबाचं काम करत असणार." माझ्या सगळ्या पँटी त्यांनीच शिवल्या. पोटाचं माप घेताना ते आकडा कधी मोठ्याने बोलत नसत. "कंबर... बरं," एवढंच म्हणून पुढे सरकत. एवढा मोठेपणा मी सख्ख्या नातेवाइकांतही पाहिलेला नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका दाराचं दुकान होतं. मोटर लावलेलं शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि उचलताना मनगट दुखेल अशी इस्त्री. शाळांचे गणवेश हे मुख्य काम. थोरली लेक डोंगरातल्या धरणाच्या गावी दिलेली, मुलगा खाली सपाटीवरच्या मोठ्या शहरात नोकरीला. इथे दोघंच. सगळं बेतात बसलेलं होतं.

मग काकूंच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, आता घरी प्राणवायूचं मशीन हवं, आणि आंघोळ-जेवण सोडलं तर ते चालूच राहिलं पाहिजे. भाड्याने मशीन आलं. लहान ट्रंकेएवढं, खाली चाकं, त्यातून निघालेली पारदर्शक नळी काकूंच्या नाकाशी. खोलीतल्या हवेतूनच प्राणवायू गाळून द्यायचं आणि सारखं घुरघुरायचं.

"सवत आणलीय हो यांनी," काकू आम्हाला सांगत. "दिवसरात्र घुरघुरते, पण माझं सगळं बघते बिचारी."

हसलो आम्ही. पहिलं बिल येईपर्यंत काकाही हसत होते.

विजेच्या बिलाची एक गंमत असते. पहिले काही युनिट लाडाचे, त्यापुढचे महाग, आणि त्याहीपुढचे अगदी सावत्र. मशीनने काकांना उचलून थेट सावत्र टप्प्यात नेऊन बसवलं. काकांनी मग घर आवळायला घेतलं. फ्रिज बंद झाला, त्यात वर्तमानपत्रं राहायला गेली. घरचे कपडे गादीखाली घडी करून कडक होऊ लागले. दुकानातल्या मशीनची मोटर काढून त्यांनी पायाने हलवायचा पायटा जोडला. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलं की अंधारातून आवाज यायचा, "या या, बसा. खुर्ची तिथेच कुठेतरी असेल."

"मला श्वास मिळावा म्हणून तुम्ही आंधळे होणार का?" काकू आतून ओरडत. मोठ्याने बोललं की त्यांना खोकला यायचा, म्हणून काका वाद घालत नसत.

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून काका घरी परतले. जिन्यात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दारापाशी कळलं, की घुरघुर नाही. काकू खिडकीत बसल्या होत्या, नळी मांडीवर गुंडाळलेली, ओठ जांभळट. समोर भाजी निवडायला घेतलेली.

"बसल्या बसल्या काही लागत नाही मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुकानात गेलात की थोडा वेळ ठेवते बंद. तेवढंच."

काकांनी बटण दाबलं, नळी काकूंच्या कानांमागून नीट बसवली आणि चष्मा न घेताच दुकानात गेले. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मला दाखवून म्हणाले, "ती बंद करत राहील हो. बिल कमी होईपर्यंत बंद करत राहील. मी काय दिवसभर पहारा देऊ?"

तेव्हापासून काका विजेच्या मागे लागले.

"बाबा, आधी 'कशी आहेस' तरी विचारा," लेक फोनवर वैतागायची.

"कशी आहेस? युनिटचा दर काय तुमच्याकडे? पहिल्या टप्प्यात किती बसतात?"

मुलगा म्हणाला, "बाबा, दर कमी आहे इथे, पण उन्हाळ्यात एसीशिवाय माणूस उकडून निघतो. आम्ही आधीच वरच्या टप्प्यात आहोत." समुद्रकाठी राहणाऱ्या मेहुण्याने सांगितलं, की इकडे पंखासुद्धा लागत नाही, पण दर असा आहे की दिवा लावताना देवाची माफी मागावी, शिवाय वारा सुटला की तारा पडतात. काकांनी हे सगळं कापड बेतायच्या टेबलावर खडूने मांडलं. गावागणिक एक चौकोन. त्यात दर, टप्पे, पंखा, हीटर आणि तो 'स्थिर आकार', म्हणजे वीज वापरा की वापरू नका, भरायचाच असतो तो. गणवेशाचं कापड पसरलं की गावं पुसली जायची, मग काका ती पुन्हा आखायचे. मीही कधीमधी उभा राहून शहाणपणा करायचो. काका ऐकून घ्यायचे आणि माझा आकडा पुसायचे.

शेवटी लेकीचं गाव जिंकलं. धरण उशाशी, वीज जवळजवळ फुकट. हिवाळ्यात हीटर धरला तरी बिल आमच्या निम्मंच. लेक फोनवर रडलीच आनंदाने. जावई म्हणाले, खोली रिकामीच आहे. काकांनी दुकानमालकाला दुकान सोडत असल्याचं कळवलं. पेट्या बांधल्या जाऊ लागल्या आणि वरच्या मजल्यावरून शिट्टी ऐकू येऊ लागली. काका शिट्टी वाजवतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सुराशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, पण ऐकायला बरं वाटे.

निघण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवायचं म्हणून गेलो. धरायला हात हवा म्हणून मीही सोबत होतो. काकांनी उत्साहाने सगळा बेत सांगितला. डॉक्टर ऐकत होते, मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या मुलीचं गाव किती उंचावर आहे?"

काकांना ते माहीत नव्हतं. दर माहीत होता.

"काका, तिकडची हवा विरळ असते. धडधाकट माणसालाही चढताना धाप लागते. यांचं तिथे निभणार नाही. मी नाही पाठवणार."

मग काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं. नातीच्या जन्माला गेले होते ना, तेव्हा चांगली होते मी. तरी पाण्याची बादली उचलून चार पावलं गेले की खाली ठेवावी लागायची."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिट्टी वाजवत होता," काकू म्हणाल्या. "किती दिवसांनी."

परतताना जिन्याच्या तळाशी काकूंना दम खायला बसवलं, तेव्हा माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "सगळ्या गावांची मापं घेतली मी. कपडा घालणाऱ्याचंच माप घ्यायचं राहिलं. हे टेलरचं काम झालं का?"

दुकान गेलंच होतं. दुसऱ्याला लागलं होतं. काकांनी शिलाई मशीन आम्हा चौघा शेजाऱ्यांकडून वर चढवून घेतलं आणि पलंगाशेजारी मांडलं. दुकानाचं भाडं वाचलं ते बिलाकडे वळलं. पण खरा करार वेगळा होता. तो आम्ही जिन्यातून ऐकला.

"तू तुझं मशीन बंद केलंस तर मी माझं बंद करणार. मग खा हवा."

"आणि तुम्ही अंधारात शिवलंत तर मी नळी काढणार. लावा दिवा."

दिवा लागला. त्यानंतर वरून दोन आवाज येत राहिले, एक घुरघुरीचा आणि एक पायट्याचा. काकू गणवेशांची बटणं लावत. थकल्या की नुसत्या बघत, आणि शिलाई वाकडी गेली की तोंडाने 'च्' करत. लेक पुढच्या उन्हाळ्यात येऊन राहून गेली. मुलगा येत-जात होता. बिल सावत्रच राहिलं. काका ते भरून यायचे आणि घरी त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

हिवाळा लागता लागता काकू गेल्या. मशीन चालू होतं.

भाड्याचं मशीन परत गेलं. पुढच्या बिलाच्या वेळी काका माझ्याकडे आले, चष्मा पुसत. "जरा बघा हो, काही चुकलंय का यात?"

मी बघितलं. काही चुकलं नव्हतं. लाडाच्या टप्प्यातही ते अर्ध्यावरच थांबलं होतं.

"लेक विचारत होती मघाशी," काका म्हणाले. "'बाबा, कसे आहात' म्हणाली नाही. 'युनिट किती आले' म्हणाली. सांगितलं तिला, आता सगळ्यात स्वस्त आपलंच गाव."

बिलाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि सावकाश वर गेले. दिवेलागण झाली होती. थोड्या वेळाने त्यांच्या पलंगाच्या खोलीतला दिवा लागला, मग बाहेरच्या खोलीतला, मग स्वयंपाकघरातला.