आईचा उंचावलेला हात

मुलुंडला आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडताना आई एक हात उंच करून गाड्यांना दाखवायची आणि तिच्या दुसऱ्या हाताचं मनगट मी घट्ट धरायचे. हात बघून थांबतील ते गाडीवाले कसले! उलट हॉर्न मारून आमच्यावरच डाफरायचे. परवा तिथे पादचाऱ्यांसाठी सिग्नल लागला एकदाचा. आज आमचा दिवा हिरवा झाला, गाड्या निमूट थांबल्या, तरी आईचा हात वरच.

"अगं, थांबलेत ते. हात खाली घे ना!" मी वैतागले.

"थांबलेत ना? मग थँक्यू नको म्हणायला?"

पलीकडे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, आज तिचं मनगट मी धरलंच नव्हतं.