रोज एक वीत डावीकडे

डॉ. रघुनाथ सावे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं. सरांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली, ती छापायची तयारी असेल तर लिहिते. ते हो म्हणाले. आता भोगा म्हणावं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर विरारला आले आणि माणिकपूरच्या एका लहानशा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. पदवी नवी, तोंड फटकळ आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री. पहिल्याच आठवड्यात पाचूबंदरच्या मार्थामावशी माझ्याकडे आल्या. मासळीबाजारात उभं आयुष्य बसलेल्या, आवाज खणखणीत. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात आणि पाय लुळा पडला होता. उजव्या हाताचे व्यायाम त्या झकास करायच्या, पण डावा हात उचला म्हटलं की भलतीकडेच बघायच्या. तीन दिवस मी घसा कोरडा केला आणि शेवटी त्यांच्या कागदावर लिहून टाकलं, ‘रुग्ण हट्टी आहे, सहकार्य करत नाही.’

माझा तसा समज व्हायला आणखी एक कारण होतं. त्यांची सून रेजिना सकाळपासून त्यांच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसायची. मावशी तिच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. संध्याकाळी ती घरी गेली, की मुलगा पीटर यायचा आणि दाराजवळ, म्हणजे मावशींच्या उजवीकडे उभा राहायचा. त्याला त्या सांगायच्या, की तुझी बायको एक दिवस इकडे फिरकली नाही. बाजारातल्या जागेवरून सासू-सुनेचं आधीच वाजलेलं. पीटरने घरी बायकोशी बोलणं टाकलं. सासूने मुद्दाम तोंड फिरवलंय, असं रेजिनाने धरलं. एका सकाळी व्हरांड्यात डोळे पुसत तिने मला सांगितलं, की हा शेवटचा दिवस, उद्या मुलांना घेऊन ती अर्नाळ्याला माहेरी जाणार. मला तिचं शंभर टक्के पटलं. म्हातारी नाटकी आहे, असा निकाल मी मनातल्या मनात देऊनही टाकला होता.

त्याच दुपारी सावे सर तपासणीला आले. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा दरारा होता. त्यांनी तो कागद हातात घेऊन मला बोलावलं. ते रागावले नाहीत. यांना जेवताना बघितलंत का, एवढंच त्यांनी विचारलं. मी बघितलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा मावशी वैतागलेल्या होत्या. कोरडा भात काय वाढता, मासळी कुठाय, असं त्यांचं चाललं होतं. ताटातला उजवीकडचा भात संपला होता आणि डावीकडे तळलेला बोंबील जसाच्या तसा पडला होता. सरांनी ताट अर्धं फिरवलं.

मावशींनी बोंबलाकडे पाहिलं, मग सरांकडे. “आता हा कुठून आला?”

सर रेजिनाकडे वळले. “बाय, यांनी तुमच्याकडे पाठ फिरवलेली नाही. मेंदूच्या उजव्या अंगाची मोठी रक्तवाहिनी तुंबलीय. त्यामुळे डावीकडे काही असतं, हेच यांच्या मनातून पुसलं गेलंय. तुम्ही बसता, तिथे यांचं जगच नाही.”

रेजिना मटकन स्टुलावर बसली. मला तर धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी सरांनी पीटरला हेच सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीने. सर वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेले. वाडीत पाटाने पाणी जातं, आणि कुठली केळ सुकली ते बघून कुठला पाट तुंबला ते सांगता येतं, तसंच मेंदूचं, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मेंदूच्या डाव्या अंगाचा मधला पाट तुंबला, तर उजवा हात जातो आणि बहुतेकांची वाचाही जाते. पुढचा तुंबला तर पाय ओढतो. मागचा तुंबला तर अर्धं दिसेनासं होतं. तळाचा तुंबला तर चक्कर येते, तोल जातो, घास उतरत नाही. आणि आपली माणसं पित्त झालं म्हणून कोकम पिऊन झोपतात, हे सांगताना मात्र सरांचा आवाज चढतो. पुढे कित्येक रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभं राहून त्यांनी हेच समजावलेलं मी ऐकलंय. झोपू नका, लगेच दवाखान्यात या, आणि माणसाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ते लक्षात ठेवून या, औषध त्या वेळेवरच ठरतं, असं ते सांगतात.

मार्थामावशींसाठी सरांनी औषधाबरोबर एक गोष्ट लिहून दिली. अक्षर नेहमीसारखंच, म्हणजे देवालाही न लागणारं, म्हणून तोंडी विचारावं लागलं. स्टूल आधी उजवीकडे ठेवायचं. मग खाटेच्या पायथ्याला वळसा घालत रोज एक वीत डावीकडे सरकवायचं. त्यावर रेजिनानेच बसायचं आणि बोलत राहायचं. सर रोज येऊन आधी स्टूल बघायचे, नाडी नंतर. माहेरी जायचं रेजिनाने एकेक दिवस पुढे ढकललं. मी जमिनीवर खडूने खुणा करत गेले. माझ्या ‘हट्टी’ या शब्दाचं तेवढंच प्रायश्चित्त माझ्या हातात होतं.

खडूची रेघ पार डावीकडे पोचली, त्या सकाळी मावशींनी हळूहळू मान वळवली आणि सुनेला आपादमस्तक न्याहाळलं.

“गो रेजिना, पयले दिस इथंच होतीस?”

रेजिना हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मीही रडले, लपवत नाही. सर म्हणाले, उद्यापासून डाव्या हाताचा व्यायाम सुरू करा. कौतुक करण्यात सर पहिल्यापासून कंजूष. पण माझा तो कागद त्यांनी फाडला नाही, कुणाला दाखवलाही नाही. तो मला परत देऊन म्हणाले, की जपून ठेवा, नव्या मुलींना शिकवताना लागेल. दरवर्षी लागतो.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातला प्रत्येक दिवस तुमच्या पायांवर, तुमच्या वाडीत, तुमच्या त्या कुरकुरणाऱ्या स्कूटरवर जावो. गेल्या आठवड्यात बोंबील घ्यायला बाजारात गेले, तर दोघी शेजारी बसलेल्या होत्या, रेजिना मावशींच्या डाव्या हाताला. सरांवर लिहितेय म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, आमचा नमस्कार लिवा. रेजिनाने माझे बोंबील पिशवीत घातले.

“लिवा,” ती म्हणाली, “आई आता पयली माज्याकडं बगते.”