निसर्गाचा कोप म्हणू नका

अनंतराव माझ्याच वॉर्डात गेले. थोड्या वेळानं त्यांच्या कंपनीचे मॅनेजर आले आणि "देवाची मर्जी, सिस्टर" म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. महिना होत आला, अजून ताळ्यावर नाही. देवाला कशाला मध्ये ओढता? दम्याच्या माणसाला जळत्या तेलविहिरींकडे पाठवू नका, हे मी ह्याच गृहस्थांना फोनवर सांगितलं होतं.

अनंतराव नाशिकचे, भूगर्भशास्त्रज्ञ. आमच्या ह्यांचे मित्र, म्हणून मी वहिनी. कुवेतला येण्याआधी ते हिमालयात नोकरीला होते. तिथं हिमनदी मागं हटली की तिच्या तोंडाशी तळं साठतं, आणि त्याला अडवून धरतो तो नुसता दगडमातीचा ढिगारा. अशाच एका तळ्याखालच्या गावात ते एका म्हातारीकडे उतरायचे. ढिगारा झिरपायला लागलाय, गाव हलवा, म्हणून साहेबांच्या मागं लागले. साहेब म्हणाले, बघू. एका दुपारी बर्फाचा कडा तळ्यात कोसळला, ढिगारा फुटला... पूल, घरं, म्हातारी, सगळं गेलं. शेतांत धोंडे येऊन बसले आणि उरलेली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. कागदोपत्री तो निसर्गाचा कोप ठरला. अनंतरावांनी नोकरी सोडली.

आखातातल्या लढाईच्या आदल्या वर्षी कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी गोणपाट आणि कापसाचा हिमालय केला. वर ताटात पाणी, त्याला वाळूखड्यांचा बांध, खाली काडेपेट्यांचं गाव. आरती झाल्यावर मुलांसमोर त्यांनी ताटात बर्फाचा मोठा खडा टाकला, आणि गाव थेट बाप्पाच्या पाटापर्यंत वाहत आलं. मंडळी खवळली. गणपतीत कसला हा अभद्रपणा! अनंतराव शांतपणे म्हणाले, "मग गाव आधी हलवायचं होतं."

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी घुसले तेव्हा आम्ही सगळेच नेसत्या कपड्यांनिशी भारतात पळालो. एक्याण्णवमध्ये परतलो तर इराक्यांनी जाताना पेटवलेल्या विहिरींच्या धुरानं भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागत. विहिरींतून वाहिलेल्या तेलाची वाळवंटात तळी झाली होती, आणि त्यांना अडवायला घाईघाईनं वाळूचे बांध घातलेले. "वहिनी, बर्फाचं असो की तेलाचं, बांध सुटा असला की तळं फुटणारच. आणि खाली मजुरांचे तंबू आहेत हो..." तंबू हलवा म्हटल्यावर मॅनेजरही बघू म्हणाले. मग हा माणूस रोज त्या धुरात जाऊन भांडत राहिला. तंबू हलले, त्या दिवशी तिथूनच त्यांना माझ्या वॉर्डात आणलं. ह्याला मर्जी म्हणायचं? कुणाची?

परवा त्यांचं सामान नाशिकला पाठवायचं म्हणून कंपनीनं त्यांना दिलेल्या फिंतास भागातल्या खोलीवर गेले. तेलानं काळी झालेली त्यांची टोपी खिळ्याला तशीच होती. त्यांच्या जागी आलेले मल्याळी इंजिनिअर पलंगावर बसून बूट घालत होते, आणि खोकत होते. तो खोकला मला लांबूनही ओळखू येतो. मी म्हटलं, "मत जाइए." ते ओशाळून हसले. "सिस्टर, नौकरी है." खाली कंपनीची गाडी हॉर्न वाजवत होती. मी जिना उतरले आणि ड्रायव्हरला सांगितलं, वरून आज कुणी येणार नाही, गाडी परत ने. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग.