भाऊ म्हणवून आलेला पाहुणा

कचेरीच्या दाराशी बसणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत, वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा. आलेल्याला हसून विचारायचं, आत फोन लावायचा, मग गळ्यात अडकवायला पास द्यायचा. संध्याकाळपर्यंत हसून हसून त्यांचे गाल दुखत. गेल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या मेहुण्याला दारात ताटकळत ठेवलं, म्हणून साहेबांनी त्यांना चारचौघांत फैलावर घेतलं होतं. "माणूस बघून अंदाज येत नाही का तुम्हाला?"

तेव्हापासून ताईंचं मनच उडालं होतं. येईल त्याला सोडावं, आपलं काय जातं!

त्या दुपारी एक तरुण आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा खोका, बोलणं लोण्यासारखं. "हिशेब खात्यात नवीन मुलगी आली आहे ना, तिचा मी भाऊ. फोन नका करू हं ताई, तिला चकित करायचंय."

ताईंनी पास उचललाही. तेवढ्यात आतल्या दाराकडे बघत त्याने सहज विचारलं, "बाहेर पडायला हे एवढंच दार आहे ना?"

ताईंचा हात थांबला. भावाला कशाला हवी ही चौकशी?

"बसा ना जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आत फोन लावला. "अगं, तुझा भाऊ आलाय."

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "मला भाऊ नाही, ताई. नवरा असेल तो. मी घर सोडून आलेय त्याचं."

त्याला संशय येऊ नये म्हणून ताई मोठ्याने म्हणाल्या, "साहेब कामात आहेत का? बरं, कोणी बाहेर येऊ नका. मी सांगते त्यांना."

पण त्याला कळायचं ते कळलं. खोका जमिनीवर आपटून तो उठला. "बायकोला भेटायला तुझी परवानगी लागते का, म्हातारे?"

"इथे लागते," असं म्हणून ताई आतल्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.  आरडाओरडा ऐकून फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि त्याने त्या तरुणाला मागून घट्ट आवळून धरलं. मग पोलीस आले, त्याला घेऊन गेले.

साहेब बाहेर आले. "चांगलं केलंत. पण गिऱ्हाईकांसमोर तमाशा नको होता हो."  फरशीवरचा केक पुसायला ताईंनी फडकं मागवलं.

कचेरी सुटल्यावरही मुलगी खुर्चीतून उठेना. "तो परत येईल, ताई."

नाही म्हणावं असं ताईंना फार वाटलं, पण खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "येईलही. आज तू माझ्याकडे चल. उद्या दुसऱ्या शाखेत बदलीचं बोलू."

घरी ताईंच्या सासूबाईंनी मुलीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आणखी एक ताट घेतलं. ताई चपला काढून तिथेच भिंतीला टेकल्या. सासूबाई पाणी घेऊन येईपर्यंत ताईंचा डोळा लागला होता.